माळ गळ्यातच राहू द्या, भाकरी तेवढी बदला

पत्र

माझी आई 63 वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात गावी राहते. गेल्या वर्षी तिला आतड्याचा टीबी झाला. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, आजार गेला, पण लहान आतड्याच्या शेवटाला एक जागा अरुंद राहिली आहे. दोनदा पोट फुगून, उलट्या होऊन तिला ॲडमिट करावं लागलं. आता तीन महिने कमी चोथ्याचं खायला सांगितलंय. मग पुन्हा स्कॅन करून फुग्याने जागा रुंद करायची की ऑपरेशन करायचं, ते ठरेल. दवाखान्यातून छापील कागद मिळाला. त्यात चालतील अशा पदार्थांत अंडी, मासे, चिकन, पांढरा ब्रेड. आई माळकरी आहे. कागदातलं ‘टाळा’ वाचलं तर तिचं रोजचं ताटच तिथे आहे: ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. त्यामुळे ती नुसती पेज आणि चहा-बिस्किटावर आलीय. वजन 52 वरून 46 झालं. मामा म्हणतात, औषध समजून अंडं दे, तिला कळू न देता कशात तरी घालून दे. वहिनी म्हणते मैदा आतड्याला चिकटतो, इसबगोल सुरू कर. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार गावी जाते. काय करू?

— एक लेक, पुणे

उत्तर

ताई,

आधी अंड्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त घालमेल तिथे दिसते. कळू न देता अंडं घालू नका. एकदाही नाही. आईंनी ती माळ समजून-उमजून घातली आहे आणि आजारपणात माणसाकडे आपलं म्हणावं असं फार थोडं उरतं, त्यातली ती एक गोष्ट आहे. शिवाय व्यवहाराचं सांगायचं तर, अशी गोष्ट गावात लपत नाही. ज्या दिवशी त्यांना कळेल, त्या दिवसापासून तुमच्या हातच्या प्रत्येक वाटीकडे त्या संशयाने बघतील, आणि आधीच निम्मं जेवणारं माणूस तेही सोडून देईल. मामांचा जीव तुटतोय म्हणून ते म्हणतात, हे खरं आहे. पण त्यांना सांगा की अंड्याची गरजच नाही. अगदी काटेकोर शाकाहारी राहून कमी चोथ्याचं आणि पोटभर, ताकदीचं खाता येतं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये माळकरीही असतात आणि कांदा-लसूण न खाणारी जैन मंडळीही. जरा जास्त नियोजन लागतं, इतकंच.

चोथा, म्हणजे फायबर, हा फक्त वनस्पतींत असतो. तो लहान आतड्यात पचत नाही, तसाच पुढे सरकतो. निरोगी आतड्याला तो हवाच असतो, म्हणून तर सगळीकडे ‘फायबर खा, फायबर खा’ ऐकू येतं आणि बहुतेकांसाठी ते बरोबरच आहे. आईंची अडचण वेगळी आहे. तुमच्या भागातल्या द्राक्षबागेत ठिबकची नळी कशाने तुंबते ते त्यांनी आयुष्यभर पाहिलंय: पाणी जातं, पण धागा, पान, कचरा अडकतो, म्हणून तर फिल्टर बसवतात. अरुंद झालेल्या जागेतून पातळ आणि मऊ अन्न जातं. सालीचा तुकडा, शेवग्याच्या शेंगेचा धागा, मक्याचा दाणा तिथे अडतो. आईंना हे असंच सांगा. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ म्हटलं की माणूस हिरमुसतं, कारण कळलं की स्वतःच ताट निवडायला लागतं.

आता तुमच्या लक्षात येईल की दूध, दही, ताक, पनीर, तूप यांत चोथा शून्य असतो. शाकाहारी माणसाचं या पथ्यातलं पाठबळ तिथेच आहे, आणि नेमकं तेच तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. पेज आणि चहा-बिस्किटावर माणूस तग धरतो, भरून येत नाही. 52 वरून 46 म्हणजे वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय. पुढच्या स्कॅनची वाट न बघता हे डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करून सांगा.

धान्यापासून सुरुवात करते, कारण भाकरीचा प्रश्न मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा आहे, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या कणकेत 11 च्या आसपास. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र 3 ग्रॅमच्याही आत, आणि मैद्यातही तेवढाच. अशा पथ्यात दिवसभराचा चोथा साधारण 10 ते 15 ग्रॅमच्या आत ठेवतात. आईंचा नेमका आकडा त्यांचे डॉक्टर सांगतील. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतच दिवसाचा बहुतेक कोटा संपतो. तांदूळ आला की हात मोकळा होतो.

म्हणून भाकरी बंद करू नका, तांदळाची करा. ज्वारीची थापणाऱ्या हाताला ती येतेच, फक्त पिठाची उकड काढावी लागते. पाण्याला उकळी आली की मीठ आणि चमचाभर तूप घालायचं, तेवढंच तांदळाचं पीठ टाकून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद करून पाच-सात मिनिटं झाकायचं. मग पाण्याचा हात लावून गरम असतानाच चांगली मळायची. इथे आळस केला तर कडा फुटतात. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, उलटायची आणि मग विस्तवावर फुगवायची. जमत असेल तर आईंनाच थापू द्या. दुसऱ्याने वाढलेली पेज गिळणं वेगळं आणि आपल्या हातची भाकरी खाणं वेगळं. खाताना मात्र पापुद्रा मऊ असलेली, दुधात किंवा ताकात कुस्करून. कडक झालेली काठ सोडून द्यायची.

तांदळाची ताकातली उकड, घावन, आंबोळी, इडली, इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा मऊ भात, तूप-मीठ-भात, पांढरा पाव दुधात बुडवून हे सगळं चालतं. चपातीची फारच आठवण झाली तर मैद्याची किंवा मैद्यात थोडीशी वस्त्रगाळ कणीक मिसळून करा. वहिनींना सांगा, मैदा आतड्याला चिकटत नाही. तो पचतो, जरा जास्तच सहज पचतो, म्हणून मधुमेहाच्या माणसाने जपून खावा. आईंना मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मात्र भाताचं आणि मैद्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दलिया, ओट्स, मल्टिग्रेन ब्रेड, हातसडीचा तांदूळ, जे एरवी मी स्वतः लोकांना खायला लावते, ते सध्या आईंसाठी नाही.

डाळींकडे येऊ. इथे एक चूक फार घरांत होते. मिक्सरमधून काढलं म्हणजे चोथा गेला, असं वाटतं. जात नाही, तो फक्त बारीक होतो. बारीक झाल्याचाही फायदा असतो, अडकायची भीती कमी होते, पण चोथा कमी करायचा तर गाळावं लागतं. पिठलं याचमुळे फसवं आहे. दिसायला अगदी मऊसूत, पण हरभऱ्याच्या डाळीत 100 ग्रॅमला 15 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, शिवाय ते वायू धरतं. तूर आणि सालं काढलेल्या मुगाच्या डाळीत साधारण 9. तेव्हा पिवळी मूगडाळ घ्या, कुकरला चार शिट्ट्या जास्त होऊ द्या, घोटा, आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा सुपाच्या गाळणीतून काढा. हिंग, हळद, मीठ, तूप. फोडणी हवी तर जिरेपूड घाला. मोहरी, कढीपत्ता, वरून कोथिंबीर नको. पुरणाच्या दिवशी कटाची आमटी गाळून द्या, पुरण नको. अख्खी कडधान्यं, म्हणजे मटकी, चवळी, हरभरे, वाटाणे, राजमा, सध्या पूर्ण बंद. आणि कुणी प्रोटीनसाठी सोयाबीनच्या वड्या सुचवेल, त्याही नकोत. त्यांत चोथा भरपूर असतो. टोफू मात्र चालतो, कारण तो गाळलेल्या सोयादुधाचा असतो. गावात मिळत नसेल तर पुण्याहून येताना न्या, पण त्यासाठी जीव टाकू नका, पनीर आहेच.

पनीर घरीच करा. एक लिटर दुधातून दीडशे-दोनशे ग्रॅम निघतं. दूध फाडायला लिंबू, आणि उरलेलं पिवळसर पाणी फेकू नका, त्यात तांदळाची उकड काढा. किसून मऊ भातात, कुस्करून बटाट्यात, किंवा नुसतं मीठ-जिरेपूड लावून. ज्यांना पनीरची चव ओळखीची नसते, त्यांना मी चक्का सुचवते. आईंना टांगलेल्या दह्याचा चक्का परका नाही, सणाला केलेलाच आहे. वाटीभर चक्का, थोडी साखर, वेलची पूड. चारोळी, बदामाचे काप नको.

आता हिशोब. आईंच्या वजनाला, आणि त्या उतरणीला लागल्या आहेत म्हणून, दिवसाला साधारण 50 ते 55 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. अर्धा लिटर दुधातून 16, पाऊणशे ग्रॅम पनीरमधून 14, दीडशे ग्रॅम दह्यातून 5, तीस ग्रॅम मूगडाळीतून 7, आणि भात, भाकरी, उकड सगळं मिळून दीडशे ग्रॅम तांदळातून 12. झाली बेरीज 54. चोथा या सगळ्यातून सात-आठ ग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे दोन वाट्या सोललेल्या भाजीलाही जागा उरते. किडनीचा काही त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि पेजेवरून एकदम इथे उडी नको. पाच-सहा दिवसांत वाढवत न्या. दूध पिऊन पोट गुरगुरायला लागलं, पातळ व्हायला लागलं, तर आतड्याच्या दुखण्यानंतर असं होऊ शकतं. मग दूध कमी करून तेवढं दही, चक्का, पनीर वाढवा.

भाज्यांत तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त वाव आहे. साल, बी, शिरा, देठ हे चार शब्द आईंच्या चुलीपाशी लिहून ठेवा. ते काढता येत असेल ती भाजी बहुधा चालते. कोवळा दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका (शिरा आणि साल काढून), बटाटा, गाजर, बीट. दुधी उभा चिरला की मधला भुसभुशीत भाग बियांसकट चमच्याने खरवडून टाकायचा, उरलेला घट्ट गर बारीक चिरून बोटाने दाबला जाईल इतका शिजवायचा. टोमॅटो उकडून, साल-बिया गाळून सार करा. त्यात ओलं खोबरं घालू नका, नारळाचं गाळलेलं दूध घाला. चव तीच, चोथा नाही. मेथी, शेपू, अंबाडी, गवार, शेवगा, मका, मटार, कच्ची कोशिंबीर हे सगळं थांबवा. शेंगदाण्याचा कूट हा तुमच्या भागातल्या स्वयंपाकाचा प्राण आहे हे मला माहीत आहे, पण तो, तीळ, कारळं आणि खोबऱ्याची चटणी यांना सध्या सुट्टी. तोंडाला चव हवी असेल तर गाळलेली चिंच-गुळाची आमटी, लिंबाचा रस, कढी (बेसनाऐवजी तांदळाचं पीठ लावून), हिंग, सुंठ.

फळांत पिकलेलं केळं, पपई, साल काढून शिजवलेलं सफरचंद, गाळलेला मोसंबीचा किंवा द्राक्षाचा रस. तासगावकडे अशक्तपणाला भिजवलेले बेदाणे देतात, तुमच्याही घरात कुणी ना कुणी ते देतच असणार. ते थांबवा. बेदाणा भिजून फुगतो आणि त्याची साल तशीच राहते. द्राक्षही सालीसकट नको. पेरू, डाळिंब, अंजीर, खजूर नाही.

अजून एक गोष्ट जी त्या कागदावर बहुधा नसेल. बी-12 जीवनसत्त्व आपल्या शरीरात लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषलं जातं. आईंची अरुंद जागा तिथेच आहे. त्यात त्या शाकाहारी, म्हणजे मुळात मिळतच कमी, दूध-दह्यातून येईल तेवढंच. हे दोन्ही एकत्र आलं की कमतरता असण्याची शक्यता मोठी असते. थकवा, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन दुखणं असं काही आहे का बघा, आणि नसलं तरी रक्तात बी-12 तपासून घ्या. सोबत हिमोग्लोबिन आणि डी जीवनसत्त्वही, आणि पालेभाज्या बंद आहेत म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडही. बी-12 कमी निघालं तर या जागेच्या दुखण्यात गोळीपेक्षा इंजेक्शनवर डॉक्टरांचा भर असतो. आई विचारतील म्हणून सांगते: औषधातलं बी-12 जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतं, प्राण्यापासून नाही. कॅप्सूलचं आवरण मात्र बरेचदा जिलेटिनचं असतं आणि ते प्राणिज असतं. इतर कुठली कॅप्सूल लिहून दिली तर ‘गोळीत किंवा पातळ औषधात मिळेल का’ असं तुम्हीच विचारा. डॉक्टरांना यात वावगं काही वाटत नाही, आपणच संकोचतो.

इसबगोलाचं वहिनींना स्पष्ट सांगा. ते पाणी शोषून फुगतं, तेच त्याचं काम. अरुंद जागेच्या मागे ते फुगलं तर मार्ग बंद होऊ शकतो. डॉक्टरांनी स्वतःहून दिल्याशिवाय नको. एरंडेल, चूर्णं, काढे यांचंही तसंच. कमी चोथ्यावर शौचाला रोज होईलच असं नाही, एक दिवसाआड झालं तरी घाबरू नका. पाणी, ताक, पातळ सार दिवसभर चालू ठेवा, संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारू द्या. तरी कडक होत असेल तर सुरक्षित औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.

जेवण तीन वेळा भरपेट नको, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आणि एक विचारायचं राहिलं: आईंचे दात कसे आहेत? कवळी ढिली असेल, जेवताना काढून ठेवायची सवय असेल, तर वरचं सगळं पथ्य पाळूनही बटाट्याची फोड तशीच खाली जाते. पुढच्या शनिवारी त्यांच्यासमोर बसून त्या कशा चावतात ते बघा.

पोटात थांबून थांबून जोराची कळ येणं, पोट टच्च फुगणं, उलट्या, आणि शौच-वायू दोन्ही बंद होणं ही लक्षणं दिसली की घरात काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, थेट दवाखाना. हे तुम्ही पुण्यात असताना घडू शकतं. म्हणून मामा-वहिनींना आजच सांगा, रात्री गाडी कोण काढेल ते ठरवा आणि डॉक्टरांचे रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. ‘सकाळपर्यंत बघू’ इथे चालत नाही.

एकादशीचं तुम्ही विचारलं नाही, पण आई विचारणारच. उपास मोडायला लावायची गरज नाही. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, या पथ्याला तो चांगलाच. फक्त खिचडीत कूट नको; बटाटा, तूप, जिरेपूड घालून करा, किंवा दुधातली खीर. शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू नको. साबुदाण्यात प्रथिनंही नसतात, म्हणून सोबत दूध, दही, चक्का हवंच. निर्जळी मात्र या वर्षी करू देऊ नका. आणि आषाढीला पायी जायचं म्हणाल्या, तर स्कॅन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. वाटेवर प्रेमाने वाढलं जाणारं पिठलं-भाकरी, उसळ, ठेचा आहे. पंगतीत बसून नको म्हणणं वारकऱ्याला जमत नाही. गाडीने दर्शनाला नेता येईल, सोबत घरची उकड आणि ताक बांधून.

हे पथ्य जन्माचं नाही. फुग्याने जागा रुंद झाली किंवा ऑपरेशन झालं की डॉक्टरांना विचारून एक-एक पदार्थ परत येतो: आधी न गाळलेलं वरण, मग शिजवून घोटलेली पालेभाजी, मग अर्धी ज्वारीची भाकरी. एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस पोट शांत राहिलं की पुढचा. तोपर्यंत दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. पुढच्या तीन आठवड्यांत ते 46 वर थांबलं नाही, किंवा अजून उतरलं, तर तीन महिन्यांची मुदत बाजूला ठेवून डॉक्टरांपुढे ती वही ठेवा आणि विचारा की पुढचा निर्णय आत्ताच घ्यायचा का.